उद्घाटनापुरता बर्फ

बंदरावर त्यांना सगळे चिखलसाहेब म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. सरकारी बँकेने बंदरावर शाखा उघडली तेव्हा ते तिचे पहिले मॅनेजर होऊन आले. कर्ज मागायला आलेल्या माणसाला समोर बसवून उलटतपासणी घेण्यापेक्षा त्याच्याबरोबर धक्क्यावर चालत जाणं त्यांना जास्त मानवायचं. होडी बघायची, तिचा तळ हाताने ठोकून पाहायचा, शेजारच्या होडीवाल्याला सहज विचारायचं, "हा माणूस कसा आहे हो?", आणि मग कागद पुढे करायचा. संध्याकाळी शाखेत परतायचे तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली असायची. फरशी पुसणारी बाई कावून जायची. नाव तिनेच पाडलं आणि ते असं चिकटलं की पुढे कर्जाचे कागदसुद्धा लोक "चिखलसाहेबांचे" म्हणूनच विचारू लागले.

त्या काळी बंदरावरचा पैसा गादीत नाहीतर पिठाच्या डब्यात असायचा. खासगी बँका शहरात होत्या, आणि अंगाला मासळीचा वास असलेल्या माणसाला त्या दारातूनच वाटेला लावत. चिखलसाहेब घरोघर फिरले. "बँक सरकारची आहे, म्हणजे तुमच्या माझ्या बापाचीच आहे," असं सांगत त्यांनी डबे उघडायला लावले. लोकांनी भीतभीत पैसे ठेवले आणि मग गंमत सुरू झाली. होडीवाल्यांच्या ठेवींतून सुताराला लाकूड मिळालं, सुताराने नव्या होड्या बांधल्या, जाळी विणणाऱ्या बायकांना घरात मशिनं आली. बंदराचा पैसा बंदरातच फिरू लागला. जिथून जिथून तो फिरला तिथल्या भिंतींना रंग लागला, छपरं गळायची थांबली.

यातलं सगळ्यात मोठं धाडस होतं बर्फाच्या कारखान्याचं. बर्फ शहरातून यायचा, निम्मा वाटेतच वितळायचा, आणि उरलेल्यासाठी धक्क्यावर हाणामारी व्हायची. एका जोडप्याने कारखाना काढायचं मनावर घेतलं आणि चिखलसाहेबांनी वरच्यांशी भांडून कर्ज मंजूर केलं. नवरा पुढे वारला, पण त्याच्या बायकोने कारखाना एकहाती ओढला आणि कर्जही फेडलं. सगळं बंदर तिला बर्फवहिनी म्हणे. तिच्या लाद्या घेतल्याशिवाय एकही होडी समुद्रात जात नसे.

आता चिखलसाहेब निवृत्त होते, पत्नी गेली होती, आणि ते मुलीकडे राहत होते. जावई त्याच शाखेचा मॅनेजर होता. जावई त्यांनीच हेरलेला. नवा नवा नोकरीला लागलेला, तल्लख, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी त्याला हाताखाली शिकवलं, घरी जेवायला बोलावलं, आणि मुलीने त्याला पसंत केलं तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

एका सकाळी बर्फवहिनी घरी आली. जावई आंघोळीला गेला होता. ती दारातच उभी राहिली.

"साहेब, माझा कर्जाचा अर्ज पुन्हा परत आला. कारखान्याचा कॉम्प्रेसर अगदी शेवटच्या घटका मोजतोय. कधी बसेल सांगता येत नाही."

"कारण काय दिलंय?"

"म्हणतात, बर्फाच्या धंद्याला भविष्य नाही. धक्क्यावर कोल्ड स्टोरेज होतंय ना. मोठं कर्ज त्याला दिलंय. आता मला सांगा, समुद्रात जाताना होडीवाला कोल्ड स्टोरेज काखेत मारून नेणार आहे का?"

चिखलसाहेब हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. नाश्त्याला बसल्यावर त्यांनी विषय काढला. जावयाने पावाला लोणी लावता लावता उत्तर दिलं.

"बाबा, तुमचा काळ वेगळा होता. शंभर लोकांना चिल्लर कर्ज द्यायचं, मग त्यांच्या मागे फिरायचं. त्यापेक्षा एक सही केली की वर्षभराचं टार्गेट पूर्ण."

"आणि ती सही कोणासाठी?"

"मंत्र्यांचे मेहुणे आहेत. कंत्राटदार. वरून फोन होता."

"बंदराच्या ठेवी सगळ्या एका माणसाला?"

"माणसाला नाही, प्रकल्पाला," जावई शांतपणे म्हणाला. मग एकदम मोकळं हसून पुढे म्हणाला, "उद्घाटनाला मंत्री येणार आहेत. त्यांच्या शेजारी फीत कापायला तुम्ही हवे आहात. बंदरावर तुमच्या शब्दाला केवढी किंमत आहे! लोकांना धीर येईल."

मुलगी चहा ओतत होती. "बाबा, हो म्हणा ना. किती दिवसांनी तुम्हाला कोणी बोलावतंय."

ते वाक्य त्यांना लागलं, आणि खरंही वाटलं. निवृत्तीनंतर शाखेत गेलं की नवी पोरं त्यांना टोकन घ्यायला सांगत. त्यांनी मनाशी हिशेब केला की मंत्री शेजारी असतील तर बर्फवहिनीच्या कॉम्प्रेसरचं त्यांच्या कानावर घालता येईल. ते हो म्हणाले. कपाटातला कोट काढून त्यांनी उन्हात टाकला.

उद्घाटनाच्या दिवशी धक्क्याच्या टोकाला मांडव होता, स्पीकर होते, शाळेतल्या मुली फुलांचे गुच्छ धरून उन्हात उभ्या होत्या. इमारत बाहेरून झकास होती. निळा रंग, काचेची दारं, बँकेचं नाव असलेला हातभर उंचीचा फलक. आतून एंजिनाची घरघर येत होती. दार उघडलं की थंडगार झोत अंगावर यायचा आणि पत्रकार एकमेकांना "वा, काय गारवा आहे" म्हणत.

मंत्र्यांना उशीर होता. कोटात घामाघूम झालेले चिखलसाहेब सावली शोधत इमारतीच्या मागच्या बाजूला गेले. तिथे बर्फवहिनी एका रिकाम्या हातगाडीवर बसली होती. तिचे डोळे लाल झाले होते.

"वहिनी, तुम्ही इथे?"

"माझा माल बघायला आले, साहेब."

"कसला माल?"

तिने इमारतीकडे बोट दाखवलं. "आत जो गारवा आहे ना, तो माझाच. कंत्राटदाराचा माणूस काल आला. म्हणाला, कारखान्यातला सगळा बर्फ हवा, एक लादीसुद्धा दुसऱ्याला नको. दुप्पट भाव दिला. मला वाटलं, मांडवात सरबत करायचं असेल. तोच पैसा कॉम्प्रेसरला होईल म्हणून मी देऊन बसले. पहाटे होडीवाले आले तर माझ्याकडे त्यांच्यासाठी चिमूटभर बर्फ नव्हता. तसेच गेले बिचारे, शिव्या देत."

चिखलसाहेबांना आधी नीट कळलंच नाही. मागचा दरवाजा ढकलून ते आत गेले. यंत्रांची खोली म्हणून पाटी लावलेल्या त्या खोलीत एक डिझेलचा जनरेटर नुसता घरघरत होता आणि त्याची वायर भिंतीपर्यंत जाऊन तशीच लोंबत होती. बाकी खोली रिकामी. पलीकडच्या मोठ्या दालनात भिंतींच्या कडेने पांढऱ्या पडद्यामागे बर्फाच्या लाद्या एकावर एक रचल्या होत्या. समोर मोठे पंखे लावले होते. दोन मजूर ओल्या पोत्यांनी वितळलेलं पाणी टिपून बादलीत पिळत होते.

"काका, इथे यायचं नाही," त्यातला एक म्हणाला. "फोटो झाले की आम्हाला हे सगळं बाहेर काढायचंय."

मागून जावई आला. त्याच्या छातीवर फूल लावलेलं होतं. "बाबा, इथे काय करताय? मंत्री पोचले."

"यंत्रं कुठे आहेत?"

"येणार आहेत."

"यंत्रं बसली असं लिहून दिल्याशिवाय कर्जाचा शेवटचा हप्ता सुटत नाही. ते लिहून कोणी दिलं?"

जावयाने मजुरांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी दिलं. कागदावर यंत्रं आली आहेत. खरीही येतील. बाबा, सगळीकडे असंच चालतं. तुम्ही फक्त फीत कापा, घरी जाऊन बोलू."

हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर शरम नव्हती, भीतीही नव्हती. होता तो नुसता कंटाळा. म्हाताऱ्या माणसाला तीच गोष्ट पुन्हा समजावून सांगताना येतो तसा. चोरी करताना माणूस थरथरला असता तर चिखलसाहेबांना राग आला असता. इथे राग येईना. उष्ट्या, आंबलेल्या ताटात हात पडावा तशी किळस आली.

मांडवात त्यांना मंत्र्यांच्या शेजारी उभं केलं. मंत्र्यांनी त्यांचा हात हातात घेऊन कॅमेऱ्याकडे हसून पाहिलं. तो हात गुबगुबीत होता, ओलसर होता, आणि सुटता सुटेना. तबकातून कात्री पुढे आली. चिखलसाहेबांनी ती उचलली, क्षणभर धरली, आणि पुन्हा तबकात ठेवली.

"मला हे जमणार नाही," ते म्हणाले.

पण स्पीकर इतक्या जोरात वाजत होते की ते कोणालाच ऐकू गेलं नाही. ते मांडवातून उतरून चालू लागले. कंत्राटदाराने मागे वळून जावयाला विचारलं, "सासऱ्यांना लघवीला लागली का?" आजूबाजूचे हसले. मंत्र्यांनी स्वतःच फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या फोटोत चिखलसाहेबांचा अर्धा खांदा तेवढा आला.

दुपार कलल्यावर होड्या परतल्या. जाळी भरून आली होती. वर्षातून क्वचित लागते तशी चंदेरी मासळी, आणि तिच्यावर टाकायला बर्फ नाही. उन्हात ती नासलीच. पोटं फुगली, डोळे पांढरे झाले, टोपल्यांतून काळपट पाणी गळायला लागलं. लिलाव करणाऱ्याने नाकाला रुमाल लावला आणि बोली न पुकारता निघून गेला. लोकांनी टोपल्याच्या टोपल्या धक्क्यावरून परत पाण्यात ओतल्या. लाटांनी ती मासळी पुन्हा काठाला आणून टाकली. इमारतीच्या मागच्या दाराबाहेर बर्फाच्या लाद्या ढीग घालून फेकल्या होत्या, अजून पुरत्या वितळल्या नव्हत्या. पण त्या आणून आता काय करायचं होतं? सगळ्या गावात घाण सुटली. खिडक्या लावल्या तरी ती आत येत होती.

जावई घरी आला तो थेट हात धुवायला गेला. सुवासिक साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मग टेबलाशी बसला आणि म्हणाला, "काय वास आहे! या लोकांना स्वच्छतेचं काही कळतच नाही."

चिखलसाहेबांनी ताट सरकवलं.

"बाबा, आज तुम्ही यांचा केवढा अपमान केलात!" मुलगी म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "यांचं प्रमोशन तोंडावर आहे."

"बाळ, इमारतीत एक यंत्र नाही. मी डोळ्यांनी पाहिलं."

"मग असू दे ना! आपल्या खिशातून गेलंय का ते?"

हिच्या शाळेच्या फीसाठी आपण एका वर्षी घड्याळ विकलं होतं, पण कंत्राटदारांनी आणलेली भेट दारातून परत पाठवली होती, हे तिला सांगावंसं त्यांना वाटलं. सांगितलं नाही. तिला ते माहीत होतं.

त्यांनी मुख्य कार्यालयाला सविस्तर तक्रार लिहिली. वाट पाहिली. मग एका रात्री जेवताना जावयाने खिशातून एक पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. चिखलसाहेबांनी आपलं अक्षर ओळखलं. तक्रारीच्या डोक्यावर वरच्या साहेबाने शेरा मारला होता: शाखा व्यवस्थापकाने चौकशी करून अहवाल द्यावा.

"म्हणजे मी," जावई म्हणाला. त्याला खरंच मजा वाटत होती. "मीच माझी चौकशी करायची. बाबा, तुमची भाषा चांगली आहे. सांगा, काय लिहू?"

मुलगी आधी हसली नाही. मग नवऱ्याकडे पाहून हसली.

चिखलसाहेबांना तोंडातला घास गिळवेना. ते उठले, मोरीत जाऊन घास थुंकले, चूळ भरली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपड्यांची बॅग भरली आणि जाळीवाल्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. मुलगी दारापर्यंत आली. "लोक काय म्हणतील?" एवढंच तिने विचारलं.

खोलीत ते स्थिरावतात न स्थिरावतात तोच एका संध्याकाळी होडीवाले आले. बर्फवहिनीही होती. कॉम्प्रेसर अखेर बसला होता, कारखाना बंद पडला होता, आणि होड्या किनाऱ्याला लागून होत्या. जिन्यावर, खाली दुकानात, जागा मिळेल तिथे माणसं बसली.

"साहेब," एक म्हातारा होडीवाला म्हणाला, "माझ्या आईने तुमच्या शब्दावर डबा उघडला. आता तुम्हीच सांगा. पैसे ठेवायचे की काढायचे?"

या शाखेची एकेक ठेव चिखलसाहेबांनी पायपीट करून आणली होती. ठेवी गेल्या तर शाखा जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि शाखा म्हणजे काही जावयाच्या घरची पेटी नव्हती.

"बँक वाईट नाही," ते शेवटी म्हणाले. "तिच्यावर बसलेत ते सडलेत. पण तुमचे पैसे सरकारी बँकेत आहेत, बुडणार नाहीत, असं सांगून तुम्हाला उपाशी बसवू कसं? होड्या उभ्या आहेत. बँक वहिनींना कॉम्प्रेसर देत नसेल तर तुम्ही द्या. ठेवी मोडा. कारखान्यात भागीदार व्हा."

"आणि शाखा?" बर्फवहिनीने हळूच विचारलं.

"बघू," ते म्हणाले.

सकाळी शाखेच्या दाराशी रांग लागली आणि रांगेत पहिले चिखलसाहेबच होते. त्यांनी आपली निवृत्तीची ठेव मोडायचा अर्ज खिडकीत सरकवला. केबिनमधून जावई धावत आला.

"बाबा, मुदतीआधी मोडली तर व्याज जाईल."

"जाऊ दे."

"लोक तुमचं बघून काढतायत. हे तुम्ही मुद्दाम करताय."

"हो," चिखलसाहेब म्हणाले. "मुद्दामच."

जावयाने रांगेकडे पाहिलं, सगळ्यांना चहा मागवला, प्रत्येकाला बँकेचं कॅलेंडर दिलं. लोकांनी चहा घेतला, कॅलेंडरं घेतली आणि पैसेही घेतले.

नवा कॉम्प्रेसर आला. शहरातून मिस्त्री आला, साच्यांत पाणी भरलं गेलं, आणि पहिली लादी बाहेर निघाली तेव्हा बर्फवहिनी तिच्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली, हात बधिर होईपर्यंत. होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या. चिखलसाहेबांना लोकांनी खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण कंत्राटदाराने कर्जाचा एकही हप्ता भरला नाही. निळ्या इमारतीच्या काचा कोणीतरी काढून नेल्या. चौकशी लागायच्या आत जावयाला प्रमोशन मिळून राजधानीत बदली झाली. निरोपसमारंभात त्याच्या कर्तबगारीवर भाषणं झाली. मुलगी जाताना खोलीवर येऊन गेली. खुर्चीवर बसली नाही, दारातच उभी राहून नवीन घराचं वर्णन करत राहिली. ते ऐकताना चिखलसाहेबांना तिची कीव आली आणि तिच्या अंगाच्या अत्तराने मळमळलंही. दोन्ही एकाच वेळी.

नंतर वरून माणसं आली, फाइली चाळून गेली. निष्कर्ष असा निघाला की या भागात थकबाकी फार आणि ठेवी कमी, म्हणजे हे बंदरच बेभरवशाचं. कंत्राटदाराचं कर्ज बुडीत म्हणून सोडून दिलं गेलं. ते कोणी बुडवलं याचा उल्लेख अहवालात नव्हता. एका माणसाने खाल्लेलं सगळ्या गावाच्या नावावर लागलं, आणि शाखा बंद झाली. कुलूप लावायला आलेल्या अधिकाऱ्याने फलक उतरवून टेम्पोत टाकला आणि जवळ चांगली मासळी कुठे मिळेल ते चिखलसाहेबांनाच विचारलं.

जागा फार दिवस रिकामी राहिली नाही. कंत्राटदारानेच ती भाड्याने घेतली आणि तिथे पतपुरवठ्याची पेढी उघडली. व्याज विचारलं की ऐकणाऱ्याचे डोळे फिरावेत. बंदराचाच पैसा, मोठं कर्ज होऊन गेलेला, आता बंदरालाच चढ्या व्याजाने मिळू लागला. आणि लोक जाऊ लागले. बर्फाचा प्रश्न सुटला होता, पण फाटलेलं जाळं, मोडलेलं वल्हं, एंजिनाचा सुटा भाग यासाठी रोज कोण भागीदारी करणार?

कंत्राटदाराने चिखलसाहेबांकडे माणूस पाठवला. पेढीवर सल्लागार म्हणून नुसतं येऊन बसा, खुर्ची देतो, मानधन देतो. चिखलसाहेबांनी त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं आणि माणूस गेल्यावर त्याने टेकवलेली मिठाई खिडकीतून खाली फेकली. खाली कुत्री जमली.

एका दुपारी तरुण सुतार आला. त्याला लाकूड कापायचं यंत्र घ्यायचं होतं. हातात पेढीचा छापील कागद होता.

"साहेब, सही करायच्या आधी वाचून सांगता?"

चिखलसाहेबांनी चष्मा लावला आणि वाचलं. पहिल्या पानावर व्याज होतं, दुसऱ्या पानावर दंड, तिसऱ्या पानावर घर. वाचून झाल्यावर त्यांनी कागद त्याच्या हातात परत दिला.

"यावर सही करू नकोस. यंत्र जाईल, वर घरही जाईल."

"मलाही तसंच वाटलं," सुतार म्हणाला. त्याचे हात मजबूत होते, नखांत भुसा अडकलेला होता. असा माणूस पूर्वी दारात आला असता तर चिखलसाहेब त्याच्याबरोबर तसेच चालत गेले असते, लाकूड हुंगलं असतं, आणि संध्याकाळच्या आत कर्ज मंजूर केलं असतं.

"मग कुठे जाऊ, साहेब?"

शहरातल्या बँकांची नावं चिखलसाहेबांच्या ओठांवर आली, आणि तिथे या पोराला दारातच काय विचारतील तेही आठवलं. बर्फवहिनीला विचारू, असंही मनात आलं, पण तिचा पैसा कॉम्प्रेसरमध्ये गोठलेला होता. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

सुताराने कागदाची घडी घातली, त्यांच्या पायांना हात लावला आणि जिना उतरला. खिडकीतून चिखलसाहेबांना तो दिसत राहिला. कोपऱ्यावर क्षणभर थबकला, आणि मग पेढीच्या दारात शिरला. आत कोणीतरी त्याला आदराने बसायला सांगत होतं, पाणी आणायला हाक मारत होतं.

चिखलसाहेब खिडकीतून बाहेर झुकले आणि रस्त्यावर थुंकले. सबंध आयुष्यात त्यांनी असं कधी केलं नव्हतं. खालून जाणाऱ्या एका बाईने वर पाहिलं, त्यांना ओळखलं, आणि ती पुढे चालत गेली.